पहिल्या हापशाचं पाणी

“पाचवा शब्द यंदा शलोमीकडं देऊ,” पाळकसाहेब म्हणाले, कागदावर खूण केली आणि सहाव्या शब्दाकडं वळले.

गुड फ्रायडेच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता. उपासना संपून माणसं पांगली होती आणि आम्ही दहा-बारा जण चर्चच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलो होतो. लोहाऱ्यापासून तीन किलोमीटरवर, शेतांच्या मधोमध आमचं हे चर्च. मंडळी म्हणाल तर चाळीसेक घरं. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना चालते. प्रभू क्रुसावरून सात वेळा बोलला, त्या सात शब्दांवर सात जण उभं राहून बोलतात. पाचवा शब्द तहानेचा, ‘मला तहान लागली आहे.’ गेली एकोणतीस वर्षं तो माझ्याकडं होता.

मी प्रेमानंद. पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीचा मिस्त्री म्हणून तेहेतीस वर्षं नोकरी केली. तालुक्यातला एक हापसा असा नसेल ज्याचं पोट मी उघडून बघितलं नाही. तेव्हा तहानेवर बोलायचं तर मीच, हे इतकं उघड होतं की चिठ्ठ्या वाटताना माझं नाव कुणी विचारतही नसे. जुने पाळक नुसतं माझ्याकडं बघून मान हलवायचे.

हे नवीन पाळकसाहेब तिशीचे. येऊन आठ महिने झालेले. ते मला म्हणाले, “काका, तुम्ही समोर खुर्चीत बसा. ज्येष्ठ म्हणून. शेवटची प्रार्थना तुमच्याकडं.”

खुर्ची म्हणजे प्लास्टिकची. चर्चमध्ये बाकं असताना समोर खुर्ची टाकून ज्याला बसवतात, त्याला पुढच्या वर्षी मयताच्या पेटीत निजवायची तयारी असते, एवढं न कळायला माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत. मी “बरं” म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

शलोमी समोरच बसली होती. सव्वीस वर्षांची पोरगी, उपकेंद्रात नर्स. ती म्हणाली, “मिस्त्रीकाका असताना म्या कसं बोलू?” सगळ्यांना तिचं ते बोलणं आवडलं. मला नाही आवडलं. नको होतं तर सरळ नाही म्हणायचं होतं.

घरी आल्यावर बायकोनं, रिबकानं, ताट वाढलं. मी चतकोर भाकरी खाल्ली आणि हात धुतला.

“मग काय झालं म्हणायचं?” ती म्हणाली.

“काय न्हाय.”

“पाचवा शब्द गेला व्हय?”

बायकांना हे कसं कळतं, देव जाणे. मी म्हणालो, “बाबूच्या पोरीला दिला.”

“चांगलंय की. पोरगी बोलती चांगली.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कालपर्यंत जी पोरगी नाक पुसत संडे स्कूलला यायची, ती चांगली बोलते. आणि मी एकोणतीस वर्षं काय घसा खरवडत होतो?

खरं दुखणं पोरीचं नव्हतं, तिच्या बापाचं होतं. ते इथं सांगून टाकतो. बाबू आमच्या पथकाचा ड्रायव्हर. अठरा वर्षं आम्ही एका गाडीत हिंडलो, एका डब्यात जेवलो. तो गाडी चालवायचा आणि मी पाइप उपसायचो. गावात गेलं की सरपंच आधी माझ्याशी हात मिळवायचा, मग बाबूशी. हा क्रम देवानंच लावून दिलाय, असं मला वाटायचं. मग चार वर्षांपूर्वी चर्चच्या पंच कमिटीची निवडणूक झाली. आम्ही दोघंही उभे होतो. बाबूला एकतीस मतं पडली, मला अकरा.

बाबू त्याच संध्याकाळी घरी आला. म्हणाला, “मिस्त्री, म्या नाव मागं घेतो. तुमी बसा कमिटीत.” ही तर मला भीकच झाली. मी त्याला म्हणालो, “तू ड्रायव्हर माणूस. आता मंडळी हाक.” तो हसला. त्याला वाटलं मी चेष्टा केली. त्या दिवसापासून मी त्याच्या घराची पायरी चढलो नाही. चर्चमध्ये “सलाम” करायचो, तेवढाच. दोन वर्षांपूर्वी बाबू गेला. आता त्याची पोरगी उठली आणि माझा शब्द घेऊन गेली. बापानं मतं नेली, लेकीनं शब्द नेला. हिशेब मला स्वच्छ दिसत होता.

नुसता शब्द गेला असता तर एक वेळ सोसलं असतं. पण पाचव्या शब्दाला हापसा जोडलेला आहे.

आमच्या आवारात बाहत्तरच्या दुष्काळात बोअर पडलं आणि त्यावर हापसा बसला. तेव्हापासूनची रीत आहे. गुरुवारी संध्याकाळी प्रभुभोजन झालं की हापशाच्या दांड्याला पांढरं कापड बांधायचं. मग शुक्रवारी उपासना संपेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. दुपारी बारा ते तीन लहान लेकरं सोडून कुणी पाण्याचा घोटही घेत नाही. तीन वाजता सगळी मंडळी हापशाभोवती जमते. ज्यानं पाचवा शब्द सांगितला त्यानं कापड सोडायचं, हापसायचं आणि म्हाताऱ्या माणसापासून लेकरापर्यंत प्रत्येकाला पाणी द्यायचं. आता आवारात नळ आलाय, वर्षभर हापशाकडं कुणी फिरकत नाही. पण त्या दिवशी नळाला तोंड लावणारा एक माणूस तुम्हाला आमच्या मंडळीत सापडायचा नाही.

आणि माझ्या हाताला पाणी पहिल्याच हापशाला यायचं.

वीस तास बंद ठेवलेला हापसा. मी कापड सोडायचो, डोळे मिटायचो, दांडा एकदा खाली दाबायचो की तोटीतून धो करून पाणी. बाया पदर डोळ्याला लावायच्या. “मिस्त्रीच्या हातात देणगी हाय,” म्हणायचे लोक. बाहेरगावचे पाहुणे मुद्दाम बघायला यायचे. एकदा एक मोठे पाळक आले होते, त्यांनी माझा हात हातात घेऊन उलटसुलट करून बघितला.

आता त्यातलं खरं सांगतो. हापशाचा तळातला व्हॉल्व्ह गळका आहे. रात्रभरात पाइपातलं पाणी खाली उतरून जातं. सकाळी ते वर चढवायला तीस-चाळीस हापसे मारावे लागतात. माझ्या पहिल्या वर्षी मला सदतीस मारावे लागले होते. तालुक्याचा मिस्त्री, आणि साऱ्या मंडळीसमोर घामानं भिजून कोरडी तोटी हापसत होतो. ती लाज मी विसरलो नाही. पुढच्या वर्षीपासून शुक्रवारी साडेदहाला, आवारात कुणी नसताना, मी जाऊन कापड सोडायचो, पाणी वर चढवून ठेवायचो आणि कापड पुन्हा बांधायचो. चार-साडेचार तासांत ते फार उतरत नाही.

तुम्ही म्हणाल, मिस्त्री असून व्हॉल्व्ह का बदलला नाही? अर्ध्या दिवसाचं काम. पहिली दोन वर्षं आळसानं राहिलं. मग माझ्या लक्षात आलं की व्हॉल्व्ह बदलला तर कुणाच्याही हाताला पहिल्या हापशाला पाणी येईल.

बुधवारी संध्याकाळी शलोमी घरी आली. उपकेंद्रातून परस्पर आली होती, खांद्याला पिशवी. रिबकाला म्हणाली, “काकू, बीपी बघू तुमचा.” रिबकाचा बघितला, मग माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबत काट्याकडं बघून म्हणाली, “काका, वाढलाय की ओ. गोळी घेता का?”

“घेतो.”

“तिखट-मीठ कमी करा.”

माझा बीपी कशानं वाढलाय हे मला ठाऊक होतं आणि ते कारण माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं. तिनं पट्टा सोडला, घडी घातली. मग म्हणाली, “काका, शुक्रवारचं काय सांगायचं असंल तर सांगा. म्या पहिल्यांदाच करायलेय.”

“बोलायचं तुझं तू बघ. शिकलेली हाईस.”

“बोलायचं न्हाय. हापशाचं.”

मी तिच्याकडं बघितलं. अगदी बापाचे डोळे. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. साडेदहाला ये, पोरी, आणि पाणी चढवून ठेव. नाहीतर दुसरं वाक्य, की मी येतो आणि चढवून ठेवतो. दोन्ही वाक्यं जिभेपर्यंत आली आणि मी ती गिळली. मला ती कोरडी तोटी दिसत होती. तिच्या कपाळावरचा घाम दिसत होता. खोटं कशाला बोलू, बरं वाटत होतं.

“हापशाचं काय असतंय? कापड सोडायचं, दांडा मारायचा.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तिनं पट्टा पिशवीत ठेवला. मग “बरं” म्हणाली, पिशवी उचलली आणि “सलाम काकू, सलाम काका” करून गेली.

शुक्रवारी साडेदहाला पाय आपोआप चर्चकडं वळले. आवारात कुणी नव्हतं. कडुनिंबाखाली हापसा उभा होता, दांड्याला पांढरं कापड. मी जवळ गेलो. कापडाच्या गाठीवर हात ठेवला. अठ्ठावीस वर्षांची सवय. मग हात काढला आणि घरी परत आलो. रिबका दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं माझ्याकडं वर-खाली बघितलं.

“आज लवकर आलात,” ती म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

बारा वाजता उपासना सुरू झाली. चर्चला पत्र्याचं छप्पर. एप्रिलच्या दुपारी आत बसणं म्हणजे निम्मं प्रायश्चित्त तिथंच होतं. मी माझ्या खुर्चीत बसलो. पहिला शब्द क्षमेचा, अण्णारावनं सांगितला. तो कमिटीचा खजिनदार. दरवर्षी तेच सांगतो आणि दरवर्षी मधेच विसरतो. दुसरा, तिसरा, चौथा. पंखे गरम हवा इकडची तिकडं करत होते. माझ्या मागं पहिल्या बाकावर पुतळाबाई बसली होती. मंडळीतली सगळ्यात म्हातारी, चौऱ्यांशी वर्षांची. घरून आणलेला पितळेचा पेला मांडीवर धरून बसली होती. दरवर्षी पहिलं पाणी तिच्या त्या पेल्यात पडायचं.

मग शलोमी उठली. पांढरी साडी, हातात कागद नाही. माझ्या हातात कायम सहा पानं असायची.

मी मनात म्हणालो, बघू काय दिवे लावते.

“तहान म्हंजे काय हे मला माज्या बापानं शिकवलं,” ती म्हणाली.

ती शिकलेली आहे, शुद्ध बोलू शकते. पण त्या दिवशी घरच्यासारखंच बोलली.

“बाबाची किडनी गेली हुती. डॉक्टरनं सांगितलं, दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्याच्यावर न्हाय. म्या नर्स. म्याच मापून द्यायची. पहाटं बाबा मागायचे, शलोमी, घोटभर दे. म्या न्हाय म्हणायची. जो माणूस जन्मभर गावोगाव हापसे दुरुस्तीची गाडी घेऊन हिंडला, त्येला म्या पाणी न्हाय म्हणायची. तांब्या माज्या हातात असायचा.”

कुणीतरी मागं हुंदका दिला. पंखा खडखडत होता.

“शेवटच्या दिवसांत बाबाला भान नसायचं. म्हणायचे, मिस्त्रीला बोलवा. त्येंच्या हाताला पहिल्या हापशाला पाणी येतंय. मिस्त्री आले की मला पाणी मिळंल.”

माझे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट झाले. आता ती पुढचं सांगणार. पुढचं मला माहीत होतं. शलोमीनं मला तीन वेळा फोन केला होता. “काका, बाबा तुमचं नाव घ्यायलेत. जरा येऊन जावा.” पहिल्यांदा मी म्हणालो, उद्या येतो. दुसऱ्यांदा म्हणालो, अंगात कणकण आहे. तिसऱ्यांदा फोन वाजत राहिला आणि मी त्याच्याकडं बघत बसलो. एकतीस मतं आणि अकरा मतं. मी गेलो ते थेट मातीला.

सगळी मंडळी समोर होती. मी मान खाली घातली आणि वाट बघितली.

शलोमी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं की नाही, मला माहीत नाही. मी खाली फरशीकडं बघत होतो.

“मग म्या कापूस भिजवून त्येंचे ओठ ओले करायची,” ती म्हणाली. “प्रभूलाबी तसंच कुणीतरी करायला हवं हुतं. लोकांनी आंब, आंबट दारू दिली. तहानलेल्या माणसाला आपण काय देतो, एवढंच म्या रोज स्वतःला इचारते.” आणि ती जागेवर जाऊन बसली.

झालं. चार मिनिटं. माझं वीस मिनिटं चालायचं. मी त्यात हापशाचं सिलिंडर सांगायचो, त्यातला चामड्याचा वायसर सांगायचो, भूजल पातळी सांगायचो.

मला तिचा राग आला. हे ऐकून तुम्हाला मी कसा माणूस आहे ते कळेल, पण आला. तिनं मला उघडं पाडलं असतं तर मी निदान भांडलो असतो. तिनं झाकलं. बाप मरत असताना सगळ्यात वाईट मी वागलो होतो, आणि तिनं त्याच्यावर पदर टाकला. अशा माणसाचं काय करायचं? वयानं शहाणपण येतं म्हणतात. मग ते एकाहत्तराव्या वर्षी माझ्याकडं यायचं सोडून सव्विसाव्या वर्षी हिच्याकडं कसं गेलं? मत्सरानं माझं तोंड कडू झालं. असं बोलावं, असं झाकावं, हे मला का नाही जमलं?

तीन वाजता मी शेवटची प्रार्थना केली. काय बोललो ते आठवत नाही. मंडळी बाहेर आली.

ऊन जमिनीतून वर येत होतं. कडुनिंबाखाली सगळे गोल उभे राहिले. पुतळाबाई पेला घेऊन पुढं. शलोमीनं गाठ सोडली, कापडाची घडी करून खांद्यावर टाकली आणि दांडा धरला. सगळ्यांनी माना पुढं केल्या.

पहिला हापसा. कोरडा. नुसता लोखंडाचा आवाज.

दुसरा. तिसरा. पाचवा. माणसांत चुळबुळ सुरू झाली. दहाव्याला कुणीतरी म्हणालं, “असं तर कितीक वर्सांत झालं न्हाय.” पंधराव्याला पाळकसाहेब पुढं झाले आणि मागं सरकले. वीस. शलोमीच्या कपाळावर घाम आला, अगदी मी मनात बघितला होता तसा. पुतळाबाई पेला खाली घेईना.

अण्णाराव मोठ्यानं म्हणाला, “मिस्त्री, तुमी या. खामखा बदल केला ह्येनी. तुमचाच हात लागतोय ह्याला.”

“व्हय, मिस्त्रीला बोलवा,” दोघं-तिघं म्हणाले.

मिस्त्रीला बोलवा. दोन वर्षांपूर्वीही हेच कुणीतरी म्हणालं होतं.

मी पुढं निघालो. माणसं बाजूला झाली. मला वाट करून देताना लोकांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मी रविवारपासून मागत होतो. गणित माझ्या डोक्यात पक्कं होतं. पंचवीस झालेत. अजून दहा-बारा. मी दांडा घ्यायचा, डोळे मिटायचे, दोन-चार सावकाश, मग जोरात, आणि पाणी येणार. पुन्हा माझ्या हाताला. मग पुढची दहा वर्षं कुणी पाचव्या शब्दाचं नाव माझ्याशिवाय काढणार नाही.

जवळ गेलो तेव्हा शलोमीचे ओठ हलताना दिसले. मला वाटलं प्रार्थना करतेय. अजून एक पाऊल पुढं गेल्यावर ऐकू आलं.

“सत्तावीस. अठ्ठावीस.”

पोरगी मोजत होती.

माझे पाय थांबले. माझ्या पहिल्या वर्षी सदतीस हापसे लागले तेव्हा शेजारी बाबू उभा होता. त्याला व्हॉल्व्ह माहीत होता. माझी साडेदहाची फेरीही त्याला माहीत असणार. अठरा वर्षं एका गाडीत बसलेल्या माणसापासून काय लपतं? तो कुणाला बोलला नव्हता. लेकीला मात्र सांगून गेला होता. म्हणजे बुधवारी ती माझ्याकडं विचारायला आली ती माहीत असून आली होती. मला सांगायची संधी द्यायला आली होती. मी “एवढंच” म्हणालो, आणि ती “बरं” म्हणाली.

एकोणतिसाव्याला तिनं मला बघितलं. हात थांबवला, दांडा सोडला आणि बाजूला झाली.

“घ्या काका,” ती हळूच म्हणाली.

तिला ठाऊक होतं की पाणी आता माझ्या हाताला येणार. ठाऊक असून तिनं दांडा दिला.

मी दांड्यावर हात ठेवला. तो जड झाला होता. पाइप भरत आला की दांडा जड होतो, हे मिस्त्रीच्या हाताला कळतं. आठ, फार तर बारा. उन्हाळ्याचं पाणी खाली गेलेलं, दोन-चार जास्त. सगळी मंडळी श्वास धरून माझ्या हाताकडं बघत होती.

धोंडप्पा गुरुजी मला आठवले. माझ्याआधी पाचवा शब्द त्यांचा होता. एका वर्षी ते आपण होऊन उठले आणि म्हणाले, “आजपासून प्रेमानंद.” मला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा थकला. ते थकले नव्हते. पुढं सात वर्षं रोज सायकलवर लोहाऱ्याला जात होते.

मी हात काढला.

“तूच मार,” मी म्हणालो. “धा-बारा राहिल्यात.”

“मिस्त्री, तुमी—” अण्णाराव म्हणाला.

“थांब अण्णा. ऐका सगळे.” माझा आवाज नेहमीसारखा निघेना. “ह्याचा खालचा व्हॉल्व्ह गळका हाय. एकोणतीस वर्षं गळतोय. म्या दर साली सकाळी गुपचूप येऊन पाणी चढवून ठेवायचो. म्हून माज्या हाताला पहिल्या हापशाला यायचं. हातात काय देणगी-बिणगी न्हाय. यंदा म्या आलो न्हाय. मुद्दाम आलो न्हाय.”

मला वाटलं होतं, खरं बोललं की हलकं वाटतं. तसं काही वाटलं नाही. उघड्या अंगानं बाजारात उभं केल्यासारखं वाटलं.

मागून रिबकाचा आवाज आला. “मला ठाऊक हुतं. दर साली ह्या दिवशी बाह्या ओल्या करून यायचे. आज कोरड्या हुत्या, तवाच कळलं.”

कुणीतरी फसकन हसलं आणि मग खोकल्याचं निमित्त केलं. लोकांच्या मनातला एक मिस्त्री तिथल्या तिथं मेला. त्याला माती द्यायलाही कुणी थांबलं नाही, कारण सगळ्यांना तहान लागली होती.

“हापस पोरी,” पुतळाबाई म्हणाली.

शलोमीनं पुन्हा दांडा धरला. तीस. एकतीस. आता मीही मोजत होतो. सदतीस झाले. पाणी नाही. वायसर गेला असेल तर? आता मला ते पाणी तिच्या हाताला यायला हवं होतं, इतकं की माझ्या हातासाठीही कधी इतकं मागितलं नव्हतं. अडतीस. एकोणचाळीस. चाळीसला तोटीनं नुसता गुळगुळ आवाज केला. एक्केचाळिसाव्याला पाणी आलं. आधी गंजाचं तांबूस, मग स्वच्छ.

पुतळाबाईचा पेला भरला. तिनं तो दोन हातांनी तोंडाला लावला आणि पाणी तिच्या हनुवटीवरून गळ्यावर उतरलं. मग बाकीचे. म्हाताऱ्या बाया, अण्णाराव, पाळकसाहेब, पोरंठोरं. माझ्या बाजूनं जाताना कुणी खांद्यावर हात ठेवला नाही आणि कुणी टोमणाही मारला नाही. रिबका पाणी पिऊन आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

“केस पांढरे झाले,” मी तिला म्हणालो, “ते सगळे उन्हानंच.”

“सगळे न्हाय,” ती म्हणाली. “जावा, पाणी प्या.”

मी सगळ्यात शेवटी गेलो. “पाइप उपसायला चार माणसं लागतात,” मी शलोमीला म्हणालो. “सोमवारी व्हॉल्व्ह बदलू. म्या सांगतो कसं करायचं.” ती मान हलवून “बरं” म्हणाली. आणखी एक सांगायचं होतं, त्या तीन फोनांचं. ते राहूनच गेलं. तिच्या डोळ्यांकडं बघितलं आणि वाटलं, तिनं ते ऐकलं असावं.

एकोणतीस वर्षं मी दांड्याच्या बाजूला उभा राहिलो होतो. लोकांना पाजून झालं की माझ्यासाठी दुसरं कुणी हापसायला थांबत नसे. मी घरी जाऊन माठातलं पाणी प्यायचो. तोटीच्या बाजूनं हा हापसा कसा दिसतो, ते मला ठाऊकच नव्हतं. मी गुडघ्यावर हात टेकून खाली वाकलो आणि ओंजळ पुढं केली. शलोमीनं दांडा अगदी सावकाश खाली आणला. पाणी बारीक धारेनं आलं. निम्मं बोटांच्या फटींतून सांडलं, उरलेलं मी प्यालो.

“अजून, काका?”

माझ्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. मी मान हलवली आणि ओंजळ पुन्हा पुढं केली.